मामांनी वसवलेली भुतं

मुलुंड पश्चिमेला आमच्या चाळीमागे डोंगराच्या अंगाला जी काही झाडं शिल्लक राहिली, ती कायद्याने राखली नाहीत, आणि आम्हा रहिवाशांच्या शहाणपणाने तर मुळीच राखली नाहीत. ती भुतांनी राखली. आणि ती सगळी भुतं माझ्या मामेसासऱ्यांनी एकट्याने, स्वतःच्या डोक्यातून काढून, झिजलेल्या वहाणा फरपटत आणि बाराही महिने काखेत छत्री घेऊन हिंडता हिंडता वसवली होती. गावं वसवणारी माणसं ऐकून माहीत असतात, भुतं वसवणारा माणूस मी हा एकच पाहिला. पाहिला म्हणजे काय, त्याच्या हाताखाली कामच केलं.

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. ते आणि मामी आमच्याच बैठ्या चाळीत दोन खोल्या सोडून राहत. तीस वर्षं त्यांनी गिरणीत साचेखात्यात काढली होती. तिथे शेकडो माग एकदम धडधडत, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकत. या सवयीची बाकीच्यांना काय गोडी लागली ठाऊक नाही, पण मामांमुळे आमची चाळ कायम दचकलेली असे. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर दोन बायका कुजबुजत असाव्यात आणि अलीकडून मामांनी शांतपणे उत्तर द्यावं, “नाय गो, तिचो घोव तसो नाय.” त्या बायका पुढे आठवडाभर पदर तोंडावर धरून बोलत. स्वतः मामा मात्र इतकं हळू बोलत की ऐकायला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागे. बुजगावण्यासारखा उंच, वाळका देह, जाड भिंगांमागे मोठे झालेले डोळे आणि तो खोल गेलेला आवाज. ते “साखर आसा काय गो?” असं विचारायला आले, तरी माझ्या पाठीवरून काहीतरी सरकून जाई.

चाळीच्या मागे एक ओढा होता. ओढ्याच्या काठाने एका रांगेत अकरा जांभळी, रांगेच्या टोकाला दगडी काठांची जुनी विहीर, आणि त्यापुढे डोंगरापर्यंत झुडपं. आजूबाजूला इमारती उठत होत्या. जो तो राडारोडा ओढ्यात लोटी, जांभळीच्या फांद्या चुलीला नेई. विहिरीत तर मी माझ्या डोळ्यांनी एक अख्खी गादी तरंगताना पाहिली. मामांनी आधी सरळ मार्ग करून पाहिला. घरोघरी जाऊन हात जोडले. मग एका फळीवर “कृपया झाडे तोडू नयेत” असं सुबक अक्षरात रंगवून ती फळी जांभळीला टांगली. तिसऱ्या दिवशी फळी गेली. कोणीतरी तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं असणार.

त्या दिवशी मामा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. मग म्हणाले, “आमच्या गावात देवाची राय आसा. माझ्या पणज्याच्या आधीपासून. थंय पडलेली काटकी पण कोण उचलत नाय. कित्या? पाटी लावली म्हणान?”

“मग?” मी विचारलं.

“राखणदार आसा म्हणान. तेका कोणी बघूक नाय. पण सगळे भियतत.” आणि माझ्याकडे त्या मोठ्या डोळ्यांनी बघत, आवाज आणखी उतरवून म्हणाले, “चेडवा, तू पोस्टात असतंस ना?”

मी तिथल्या छोट्या पोस्टात खिडकीवर बसत असे. दुसऱ्या दिवशी रांग चांगली लांब असताना मामा आले, एक आंतरदेशीय पत्र घेतलं आणि खिडकीत तोंड घालून, पण कधी नव्हे ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, “विहिरीकडे दुपारी जाव नको हां. थंय एक बाई वेळ विचारता, सांगलंस तर ती वेळ तिची. आणि ह्या कोणाक सांगा नको.” इतकंच. सूर्य मावळायच्या आत मला चार जणांनी चार गल्ल्यांतून विहिरीची बाई सांगितली. ती दुपारी बाराच्या पुढे-मागे कठड्यापाशी येते आणि पाठीमागून विचारते, “किती वाजले?” तुम्ही वेळ सांगितलीत की तुमची ती वेळ तिची झाली. पुन्हा कधीच त्या वेळेला तुम्ही स्वतःच्या घरात नसता.

मी मामांना म्हटलं, “मामा, हे फारच भयंकर आहे. सुचलं कसं?”

त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. “गिरणीचो भोंगो बंद झालो ना, तेव्हापासून माका वेळच समाजत नाय गो,” म्हणाले.

त्यानंतर मामांनी मागे वळून पाहिलं नाही. भुतांच्या बाबतीत ते अतिशय चोखंदळ होते. मुंज्या, हडळ असला ठरीव माल त्यांना चालत नसे. त्यांच्या मते भुताला काम कमी हवं. धावणारं, ओरडणारं, माणसांना झाडावर नेऊन बसवणारं भूत वर्षभरात थकतं आणि लोकही त्याला सरावतात. नुसतं उभं राहणारं भूत पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ओढ्याच्या वळणावर त्यांनी एक माणूस ठेवला, तो फक्त पाठमोरा उभा असे. राडारोडा टाकायला गेलात तर तो वळायला लागे. पूर्ण वळलेला कोणी पाहिला नव्हता, कारण तोवर कोणी थांबतच नव्हतं. अकरा जांभळींवर त्यांनी कुणालाच बसवलं नाही. फक्त सांगितलं, की त्या मोजू नका. मोजल्यात आणि बारा भरल्या, तर बारावी जांभूळ नव्हे. यावर आमचे हे सुद्धा तिकडून येताना आकाशाकडे बघत येऊ लागले. खऱ्या मेलेल्या माणसाचं नाव भुताला द्यायचं नाही हा त्यांचा कडक नियम होता. एकदा मात्र ओढ्यावरच्या पाठमोऱ्या माणसाला त्यांनी सहज “धोंडू” म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानातच डोळ्याला रुमाल लावला. त्याच्या मोठ्या काकांचं नाव धोंडू होतं, आणि ते जिवंतपणीही कोणाकडे तोंड करून बोलत नसत म्हणे. मामांनी त्याच्या दुकानात पुढे महिनाभर मान वर केली नाही.

पण परिणाम विचाराल तर झकास. वर्षभरात ओढा वाहता झाला. जांभळींच्या खालच्या फांद्या फुटून जमिनीला टेकल्या. विहीर मामांनी आणि मी दोन रविवार खपून उपसली, गादीही काढली, आणि तळाचा झरा असा मोकळा झाला की उन्हाळ्यात नळ कोरडे पडले तरी कठड्याखाली काळंशार पाणी डुलत असे. ते घ्यायची हिंमत कोणाची नव्हती. आम्ही दोघं मात्र टळटळीत दुपारी, सगळं मुलुंड जेवून आडवं झालेलं असताना, चोरासारखे बादली घेऊन जायचो.

अशाच एका दुपारी, वैशाखातल्या, काय झालं ते मला अजून लख्ख आठवतं. ऊन असं पडलं होतं की झाडांच्या सावल्या बुंध्यातच आटून गेल्या होत्या. पानही हलत नव्हतं. कावळे, साळुंक्या, नेहमी कलकलाट करणाऱ्या खारी, कोणाचाही आवाज नाही; जणू कोणीतरी त्यांना गप्प बसवून ठेवलं होतं. मी बादली सोडत होते, मामा कठड्यावर हात टेकून खाली बघत होते. आणि आमच्या पाठीमागून, अगदी जवळून, बाईच्या आवाजात कोणीतरी विचारलं, “किती वाजले?”

मी मामांकडे पाहिलं. वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण मामांचे ओठ मिटलेले होते आणि भिंगांमागचे डोळे पाण्यावर खिळले होते. तेवढ्यात पुन्हा, या वेळी जरा खोलातून आल्यासारखं, “किती वाजले?”

बादली विहिरीत गेली. दोर गेला. छत्री तिथेच राहिली. मामा सत्तावन्न वर्षांचे होते, पण त्यांनी मला चाळीच्या दारापर्यंत मागे टाकलं. घरात येऊन ते दोन तांबे पाणी प्यायले, आणि मामींनी “काय झाला?” विचारल्यावर म्हणाले, “काय नाय, आमचो एक माणूस भेटलो.”

तेव्हापासून मामा बदलले. कारण भुतंही बदलायला लागली होती. पोस्टात माणसं येऊन मलाच नव्या गोष्टी सांगत. दूधवाला म्हणाला, जांभळींतून एक बाई चालते. समोरच्या नव्या इमारतीचा रखवालदार म्हणाला, ती उजव्या पायाने लंगडते. तिसऱ्या कोणी, या दोघांना न ओळखणाऱ्याने सांगितलं, की तिच्या डोक्यावर एवढा मोठा भारा असतो आणि भाऱ्याखाली तोंड दिसत नाही. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच थंड झाला. “लंगडी? मी लंगडी म्हणान सांगूक नाय गो,” ते पुटपुटले. “भारो पण माझो न्हय. हिका कोणी आणली?” आणि आपण दार उघडं ठेवलं म्हणून कोणीतरी भलतंच आत आलं, असा चेहरा करून जांभळींच्या दिशेने बघत बसले.

पुढच्या आठवड्यात दुपारी तिकडून किंकाळी आली. माझी सुट्टी होती. मी आणि मामा धावलो. इमारतीचा रखवालदार जांभळींच्या अलीकडे उभा होता, हातात दुसरा दगड. “बाबा, दिख गयी मेरे को! अपन ने मारा!” ओरडत होता. आणि पाचव्या की सहाव्या झाडाखाली, विखुरलेल्या सुक्या काटक्यांत एक म्हातारी बसली होती. कपाळ धरून. बोटांमधून रक्त येत होतं. उजवा पाय घोट्यापाशी वाकडा होता, जन्माचाच. ती वरच्या पाड्यावरची वारली बाई होती, सोमीबाई. वाळक्या काटक्या वेचायला ती कित्येक वर्षं याच वाटेने येत होती, आणि हल्ली दुपारीच येत होती, कारण दुपारी इथे कोणी तिला हटकत नसे. का हटकत नसे, ते तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं.

रखवालदाराने दगड टाकला आणि तो मटकन खालीच बसला. मामांनी डोक्याचा रुमाल सोडून तिच्या कपाळाला बांधला. गाठ मी मारली. दवाखान्यात तिला चार टाके पडले. बाहेरच्या बाकावर मामा तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. पाठमोरा माणूस, बारावं झाड, विहिरीवरची बाई, काहीही लपवलं नाही. सोमीबाई ऐकत होती. मग तिने विचारलं, “जांभळीवर तू भूत बसवलंस?”

“होय गो बाये.”

“माझ्या आज्याने लावल्यात त्या,” ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्या मुलाला समजावावं तशी. “ओढा दर पावसाळ्यात काठ खायचा. आज्याने डोंगरातनं रोपं आणली, एका रांगेत लावली, म्हणून काठ राहिला. विहीर माझ्या आजीने आणि तिच्या जावांनी खणली. दगड डोक्यावरनं वाहिले. आम्ही ओली फांदी कधी तोडत नाही. ते काय भुताला भिऊन?”

मामांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ते जिला रान समजत होते, ती कोणाच्या तरी हातची लावणी होती. आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नव्हतं की अकरा झाडं आपली आपण रांगेत उभी राहत नाहीत. तेवढ्यात सोमीबाईला काहीतरी आठवलं आणि टाके पडलेल्या कपाळाने ती चक्क हसली. “विहिरीवर मी तुम्हाला वेळ विचारली होती. खाली रस्त्यावरच्या कंपनीचा भोंगा बंद झाला, वेळच कळत नाही. तुम्ही दोघं बादली टाकून पळालात!”

मीही हसले. सुटल्यासारखं वाटलं. मग म्हटलं, “पण मावशी, दोनदा कशाला विचारलंत?”

“दोनदा?” सोमीबाई म्हणाली. “मी एकदाच विचारलं.”

मामा घाईघाईने म्हणाले, “विहीर खोल आसा. आवाज घुमता.” पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिथेच राहिलं. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मामा घरोघरी निघाले. दार वाजवून सांगायचे, “ती भुतां माझी. मी केली. खोटी आसत. कोणाक दगड मारू नका.” मी बरोबर होते. इतकं खरं बोलणारा आणि इतका कमी विश्वास कमावणारा माणूस मुलुंडने पाहिला नसेल. पहिल्या घरातल्या बाईंनी त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. दुसऱ्या घरी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे कधीपासून असं बोलतायत?” वाणी म्हणाला, “तुम्ही नाही बोलत मामा, धोंडूकाका बोलतायत,” आणि पायांना हात लावला. मामा रस्त्यात थांबून हताशपणे म्हणाले, “सांगूक एक दिवस लागलो. पुसूक जन्म पुरत नाय.”

विश्वास ठेवला फक्त एकाने. ओढ्याकाठी बांधकामासाठी जागा बघायला येणाऱ्या मुकादमाने. तो इतके दिवस बिचकून होता. मामांचं बोलणं त्याने मन लावून ऐकलं, त्यांना पान दिलं, आणि चौथ्या दिवशी विहिरीकडच्या टोकाच्या दोन जांभळी आडव्या झाल्या.

मी पोस्टातून आले तेव्हा मामा ताज्या खोडावर हात ठेवून बसले होते. लाकूड आतून ओलं होतं. सोमीबाई समोर उभी होती, कपाळाला पट्टी. मामा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, “खोटा बोललंय, ह्या बायेचा डोक्या फुटला. खरा बोललंय, दोन झाडां गेली. मगे आता मी बोलू तरी काय गो?”

सोमीबाई म्हणाली, “तू बोलू नको. मला बोलू दे.”

मग मामा एकेका घरातलं माणूस हाताला धरून आणू लागले, आणि सोमीबाई त्याला झाडाखाली उभं करून सांगू लागली, हे कोणी लावलं, ते कुठून आणलं, या दगडाखाली तिच्या आजीची बोटं कशी चेंगरली होती. माणसं यायची, आधी तिच्या पायांकडे बघायची, सरळ आहेत की उलटे, मग हळूहळू चेहऱ्याकडे. रखवालदार सर्वांत आधी आला होता. तो तिच्यासाठी रोज चहा आणू लागला आणि तिला “माई” म्हणू लागला. मी महापालिकेला अर्ज लिहिला, की उरलेल्या नऊ जांभळी आणि विहीर राखावी. सह्या भराभर मिळाल्या. मामांना वाटलं, लोकांना पटलं. मला सह्या करणाऱ्यांनी हळूच सांगितलेलं मी त्यांना कधी सांगितलं नाही: “झाडं तोडली तर ते जातील कुठे हो? आमच्याच जिन्यात येणार ना!”

कशाने का होईना, बांधकामाची भिंत ओढ्यापासून मागे सरकली. नऊ जांभळी राहिल्या. त्या पावसाळ्यात मामांनी आणि सोमीबाईने मिळून रिकाम्या जागी सात रोपं लावली. कोकणातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पण खड्डा किती खोल घ्यायचा हेही मामा विसरले होते. सोमीबाई काठावर बसून ओरडायची, “म्हाताऱ्या, झाड लावतोयस की मडं पुरतोयस?” आणि मामा, तो कुजबुजणारा माणूस, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने उत्तर द्यायचे. भर दुपारी त्या जागेतून दोन म्हाताऱ्या माणसांचं भांडण ऐकू यायचं.

पुढे मामांची नजर गेली आणि गिरणी काही उघडली नाही. मामी त्यांना घेऊन गावी परतल्या. त्यानंतर वर्षाने सोमीबाई पहिल्यांदाच पोस्टात आली. खिडकीचा काठ धरून म्हणाली, “म्हाताऱ्याला कागद लिही. लिही, सातातली पाच जगली. माझ्या डोक्याइतकी झालीत.” मी लिहिलं. ती थोडी घुटमळली. “आणि लिही, आता कोणी मला भीत नाही. चांगलं आहे. पण पोरंटोरं फांद्या वाकवतात, परवा कोणी ओढ्यात पोती टाकली. म्हणावं, एखादं लहानसं ठेवायला हवं होतं.”

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर मामींचं, बोलणं मामांचं. “सोमीबायेक सांग, नवा भूत आता माझ्यान होवचा नाय. पण जरा कळ काढ म्हणावं. माझो फार वेळ उरलो नाय. मगे मीच येतंय.”

मी तिला वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून हसली, मग पत्र मागून घेतलं, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी बघितलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. “येईल,” म्हणाली. “हळू येईल, पण येईल.”

त्या वर्षीच्या शिमग्याआधी मामा गेले. तार मीच घेतली. सोमीबाईला सांगायला गेले तेव्हा ती झाडांखाली पाचोळा ओढत होती. ऐकलं, आणि पुन्हा पाचोळा ओढू लागली.

जेवणाच्या सुट्टीत मी अजून कधी कधी तिकडे जाते. ऊन माथ्यावर असतं, ओढ्याला जेमतेम पाणी असतं. दिसत कोणीच नाही. मी विहिरीच्या कठड्यावर डबा उघडते, आणि बसताना जरा सरकून बसते, शेजारी एका माणसाची जागा राहील इतकी.